सांस्कृतिक धोरणावर लघुप्रबंध लिहिताय? या चुका टाळा

‘महाराष्ट्राचे सांस्कृतिक धोरण : एक चिकित्सक अभ्यास’ या शीर्षकावर आता बंदी घालायला हरकत नाही. आत काय असणार ते अनुक्रमणिका न उघडताही सांगता येतं. 2010च्या धोरणाचा सारांश, 2024च्या धोरणाचा सारांश, मधे चार मुलाखती आणि शेवटी ‘अंमलबजावणी अधिक प्रभावी व्हायला हवी’ हा निष्कर्ष. असा निष्कर्ष पाणीपुरवठ्यावरच्या प्रबंधालाही चालतो.

धोरणाच्या पुस्तिकेलाच धोरण समजणं

आ. ह. साळुंखे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या मसुद्यातून आलेलं 2010चं धोरण वाचायलाच हवं, 2024चंही. पण त्यासाठी आठवडाभर पुरतो. सरकारला काय करावंसं वाटतं, ते तिथं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात काय केलं, ते शासन निर्णयांत, परवान्यांत, भाड्याच्या दरपत्रकांत आणि करांत सापडतं. यातल्या कितीतरी कागदांवर ‘संस्कृती’ हा शब्दही नसतो.

तमाशाचा खेळ रात्री दहाला आवरायला लावणारा नियम पाहा. तो ध्वनिप्रदूषण नियम, 2000 मधला आहे, म्हणजे पर्यावरण कायद्याखालचा. सण-उत्सवांसाठी रात्री बारापर्यंत सवलत देता येते, तीही वर्षाला एकूण 15 दिवसच. हे दिवस कोणत्या उत्सवांच्या वाट्याला आले आणि कोणाच्या नाही, एवढ्या एका प्रश्नावर चांगला लघुप्रबंध उभा राहतो. नाटकाच्या 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर वस्तू व सेवा कर नाही. नाट्यगृहाबाहेरच्या फलकावर पुढच्या रांगांचे दर कुठं थांबतात ते बघा, मग करधोरण आणि रंगभूमी यांचा संबंध शोधायला सिद्धांताची फार गरज पडत नाही. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर महापालिकेचं आहे. तिथलं भाडं आणि तारखावाटप यांवर मंत्रालयातल्या कितीही मुलाखती घेतल्या तरी हाताला काही लागणार नाही.

विषय लहान करण्याचा सोपा मार्ग म्हणजे एक योजना, एक जिल्हा आणि पाच-सात वर्षं. ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांची मानधन योजना घ्या. पूर्वी अ, ब, क अशी वर्गवारी होती आणि मानधन वर्गाप्रमाणे कमीजास्त मिळे. 2024 पासून सगळ्यांना दरमहा 5,000 रुपये. वर्गवारी गेल्यानं निवड समितीचं काम सोपं झालं की भांडणं फक्त दुसरीकडे सरकली? हा प्रश्न जिल्हा पातळीवर तपासता येतो. ‘महाराष्ट्रातील लोककलांची दुरवस्था’ तपासता येत नाही.

अर्थसंकल्पाचा चुकीचा रकाना

याबद्दल सविस्तर लिहितो, कारण ही चूक हुशार मुलंच करतात.

नेहमी दिसणारा प्रकार असा. विद्यार्थी दहा वर्षांचे आकडे गोळा करतो, सुरेख आलेख काढतो आणि एका वर्षी सांस्कृतिक खर्च दुपटीजवळ गेला, पुढच्या वर्षी कोसळला, असं लिहितो. त्यावर राजकीय विश्लेषणाचं अख्खं प्रकरण येतं: सरकार बदललं, मंत्री बदलला, दृष्टी बदलली. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक शांतपणे विचारतात, “हे अंदाज आहेत की प्रत्यक्ष रकमा?” प्रकरण तिथंच संपतं. वाढलेला आकडा अर्थसंकल्पीय अंदाज असतो, सुधारित अंदाजात तो कापलेला असतो, आणि ‘कोसळलेल्या’ वर्षात इमारतीचा खर्च दुसऱ्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे हिशेबाच्या दुसऱ्या खात्यात, गेलेला असतो.

म्हणून तीन गोष्टी पाळाव्यात.

पहिली, महसुली खर्च लेखाशीर्ष 2205, कला व संस्कृती, इथं बघायचा. बांधकामासारखा भांडवली खर्च 4202 मध्ये, शिक्षण-क्रीडेच्या सोबतीनं असतो. दोन्ही उघडल्याशिवाय बेरीज करू नका.

दुसरी, प्रत्यक्ष रकमा दोन वर्षं उशिरा छापल्या जातात. 2022-23चा खरा खर्च 2024-25च्या अर्थसंकल्पाच्या पुस्तकात मिळतो. त्यामुळे दहा वर्षांच्या मालिकेला दहा पुस्तकं लागतात, एका पुस्तकावर भागत नाही. तक्त्यात अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष रक्कम असे तीन रकाने शेजारी ठेवा. बोलका असतो तो त्यांच्यातला फरक. मार्चच्या शेवटच्या आठवड्यातले निधी-वितरणाचे निर्णय त्यासोबत वाचले की पैसा कधी सुटला तेही कळतं.

तिसरी, साहित्य संस्कृती मंडळ आणि विश्वकोश मंडळ मराठी भाषा विभागाकडे आहेत. फक्त सांस्कृतिक कार्य विभाग धरलात तर पुस्तकं हिशेबातून गळतात.

हे सगळं कंटाळवाणं आहे, मान्य. एखाद्या बातमीतला आकडा उचलणं सोपं. पण बातमीत बहुधा घोषणेची रक्कम असते, आणि घोषणेवर पदव्युत्तर पदवी मिळू नये.

शासन निर्णय एकटा वाचणं

निर्णयाच्या माथ्यावर ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ म्हणून जुन्या निर्णयांची यादी असते. विद्यार्थी ती ओलांडून थेट मजकुराकडे जातात. उलट करा: यादीतला सगळ्यात जुना निर्णय आधी मिळवा आणि तिथून पुढं या. मधे अधिक्रमित झालेली, म्हणजे नव्या निर्णयानं रद्द ठरलेली, अट आजही लागू आहे असं लिहिण्याची नामुष्की त्यानं टळते. संकेतस्थळावर जुना निर्णय नसेल तर विभागातल्या संबंधित कार्यासनाकडे (तो विषय हाताळणाऱ्या शाखेकडे) क्रमांक आणि दिनांक घेऊन जा. नुसतं योजनेचं नाव सांगितलंत तर ‘नंतर या’ ऐकाल. टिपेत निर्णयावर छापलेला संगणक संकेतांक पूर्ण द्या. त्याचे पहिले आठ अंक वर्ष-महिना-दिवस असे असतात, पण निर्णयाच्या तारखेशी ते दर वेळी जुळतीलच असं नाही. म्हणून दोन्ही लिहा.

माहिती अधिकारात ‘का’ विचारणं

‘अनुदान का नाकारले?’ याला उत्तर मिळत नाही, कारण कायदा उपलब्ध कागद देतो, खुलासा देत नाही. ‘निवड समितीच्या बैठकीचे इतिवृत्त व अपात्र अर्जांची कारणांसह यादी’ असं मागा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांत असावा लागतो, शुल्क 10 रुपये. उत्तराला 30 दिवस, मग अपील, त्यालाही तेवढेच. फेब्रुवारीत अर्ज टाकून एप्रिलमध्ये प्रबंध सादर करू पाहणाऱ्यांना शुभेच्छा. अर्ज पहिल्या सत्रातच टाकायचा असतो.

ऋतू न बघता क्षेत्रकार्य

उन्हाळी सुट्टी संपता संपता तमाशावर काम करायला निघणारे दर वर्षी भेटतात. तोवर फड पांगलेले असतात. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावच्या राहुट्या, म्हणजे फडांची तंबूतली बुकिंग कार्यालयं, गुढीपाडव्याच्या सुमारास गजबजतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला तेव्हाच येतात आणि व्यवहार समोर घडताना दिसतो. झाडीपट्टीसाठी, म्हणजे पूर्व विदर्भातल्या रंगभूमीसाठी, दिवाळीनंतर गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा गाठा. मंडळांची बुकिंग कार्यालयं तिथं आहेत, आणि ही रंगभूमी मुख्यतः तिकिटावर चालते. अनुदानाविना काय टिकतं, हेही याच विषयात येतं. तळकोकणातला दशावतार जत्रांमागे फिरतो, म्हणून आधी जत्रांच्या तारखा मिळवा, मग रेल्वेचं तिकीट काढा.

बाकीच्या, थोडक्यात

1876चा नाट्यप्रयोग कायदा लागू आहे असं लिहू नका. तो रद्द झाला आहे. महाराष्ट्रातलं संहितांचं परिनिरीक्षण, म्हणजे प्रयोगाआधीची तपासणी, पोलीस कायद्याखालच्या नियमांवर चालतं.

हाबरमास आणि बोर्द्यू या सिद्धांतकारांना पहिल्या प्रकरणात बोलावून पुढं विसरायचं असेल तर बोलावूच नका.

ज्यांना अनुदान मिळालं त्यांच्याच मुलाखती घेऊन योजना यशस्वी ठरवू नका. नाकारलेल्यांची यादी हातात आली की निम्म्या मुलाखती तिथल्या घ्या.

अधिकाऱ्याची मुलाखत शेवटी ठेवा. कागद वाचून गेलात तर तो बोलतो. न वाचता गेलात तर पुस्तिका हातात देतो, आणि ती तुमच्याकडे आधीच असते.