आंबवलेला चारा आणि वाढते ससे: वाया गेलेल्या पहिल्या प्रयोगातून

पदव्युत्तर अभ्यासासाठी वाढत्या सशांना आंबवलेले पीक-अवशेष खाऊ घालण्याचा विषय मी घेतला, तेव्हा सारे कौशल्य आंबवण्यातच आहे अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ते काम लवकरच हाताला बसले. दाणे काढलेली मक्याची कणसे दळून गव्हाच्या कोंड्यात मिसळायची, ओलावा ६० टक्क्यांच्या आसपास आणायचा, पिंपात दाबून हवाबंद करायचे. ३ आठवड्यांत आंबूस वास येतो आणि सामू (आम्लता दाखवणारा pH आकडा) ४ च्या जवळ उतरतो. बुरशी दिसली तर वरचा थर काढून उरलेले वापरण्याचा मोह टाळावा, कारण बुरशीचे विष डोळ्यांना दिसत नाही.

मी चुकले ते वजनकाट्यावर. आंबवलेला चारा मिळणाऱ्या गटाने रोज जास्त ग्रॅम खाल्ले, म्हणून तो सशांना अधिक रुचतो असे मी वहीत लिहिले. पण त्या चाऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये कोरडा अंश जेमतेम ४० ग्रॅम होता आणि कोरड्या खाद्याच्या गटाशी केलेली माझी तुलनाच निरर्थक होती. शिवाय भांड्यात उरलेला चारा दुसऱ्या सकाळपर्यंत सुकतो, त्यामुळे ससा न खाताही वजन घटते. दिलेल्या आणि उरलेल्या, दोन्ही चाऱ्यांचा नमुना भट्टीत सुकवल्याशिवाय खाण्याचा आकडा मांडू नये. (१०५ अंशांवर काही आम्लेही उडून जातात, त्यामुळे आंबवलेल्या चाऱ्याचा कोरडा अंश किंचित कमी भरतो.)

प्रथिनांचा आकडाही असाच फसवतो. १०० ग्रॅम कोरड्या मालात ६ ग्रॅम प्रथिने असतील आणि आंबताना १० ग्रॅम पिष्टमय पदार्थ वायूरूपाने गेले, तर प्रथिने तेवढीच राहूनही प्रमाण ६.७ टक्के दिसते. त्यातच प्रयोगशाळा नत्र मोजून त्याला ६.२५ ने गुणते, त्यामुळे अमोनियासुद्धा प्रथिनांच्या खाती जमा होतो. सशाच्या अंधांत्रातले (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीतले) जिवाणू थोडा नत्र वापरतात आणि ससा आपल्या मऊ लेंड्या परत खातो, हे खरे. तरीही प्रथिनेतर नत्राचा त्याला होणारा उपयोग गाई-म्हशींच्या मानाने फारच तोकडा असतो.

पिल्ले साधारण ३० ते ३५ दिवसांची असताना आईपासून वेगळी होतात आणि नेमक्या त्याच काळात जुलाब त्यांना गाठतात. म्हणून नवा चारा ७ ते १० दिवसांत हळूहळू वाढवावा आणि आहारातले तंतू कमी पडू देऊ नयेत. एका आईची पिल्ले एकाच गटात टाकू नयेत, नाहीतर वंशाचा फरक चाऱ्याच्या नावावर नोंदला जातो. एखादे पिल्लू दगावले, तर त्याचे त्या दिवसापर्यंतचे खाणे आणि वजन त्याच संध्याकाळी वेगळे लिहून ठेवावे. सामायिक पिंजऱ्यात तो हिशेब नंतर लावता येत नाही, म्हणून दुसऱ्या प्रयोगात मी प्रत्येक सशाला स्वतंत्र पिंजरा दिला.