मुंबईत पियानो वाजवून स्वतःचं म्युझिक लिहायचं असेल तर

आधीच सांगतो, कंपोझर म्हणून आपल्याकडे कुणी महिन्याचा पगार देत नाही, त्यामुळे 'पण मिळतात किती?' हा प्रश्न घरी येणारच, उत्तर तयार ठेवा. अमेरिकन कंपोझर फिलिप ग्लासचा ऑपेरा १९७६ ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये झाला आणि त्यानंतरही तो टॅक्सी चालवत होता, आईला हे सांगून बघा, माझ्या आईला काही फरक पडला नाही.

तर, तुम्हाला पियानो येतो हेच तुमचं भांडवल. सिम्फनी लिहून ड्रॉवरमध्ये ठेवू नका, कोण वाजवणार ती? पहिला पीस पाच-सहा मिनिटांचा, एकट्या पियानोचा, स्वतः वाजवता येईल असा. दुसरा पियानो आणि अजून एक वाद्य, आणि ते वाद्य कुठलं हे तुमच्या आवडीवर नाही, तर रविवारी दुपारी कोण मोकळं असतं त्यावर ठरवा.

ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या संगीत परीक्षा मंडळांच्या परीक्षा ग्रेड आठपर्यंत करून टाका, पुढे डिप्लोमा, कारण शिकवण्या घ्यायच्या तर पालक सर्टिफिकेट विचारतात. एबीआरएसएमला सहावी ग्रेड द्यायची तर आधी थिअरीची पाचवी पास लागते, बऱ्याच जणांना हे फॉर्म भरताना कळतं. पण ग्रेडमध्ये वाजवायला शिकवतात, लिहायला नाही. लिहायला शिकायचं तर बाखचे कोराल, म्हणजे चार आवाजांत लिहिलेली चर्चगीतं, हाताने वहीत उतरवून काढा, बोअर होतं, पण चार आवाज एकमेकांना न अडखळता कसे चालतात ते बोटांना कळतं.

आता राग. आपल्याला मोह होतोच, मलाही झाला, मी थेट दरबारी घेतला आणि तोंडावर आपटलो, कारण त्यातला गंधार आंदोलित, अतिकोमल, म्हणजे हेलकावे घेणारा आणि नेहमीच्या कोमलहून खालचा, आणि पियानोची पट्टी दाबली की सूर एकदा लागला तो लागला, तो हलत नाही की घसरत नाही. मींडेचा, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणारा, राग पियानोवर टाकला की नुसतं स्केल उरतं. हंसध्वनी घ्या, सा रे ग प नि, सरळ उभे सूर, आणि त्यावर कॉर्ड बसवताना कुठे राग मोडतो ते कानाने शोधा, मध्यम घुसला की लगेच कळेल. हा उद्योग नवा नाही बरं का, लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्सालविस यांनी १९५८ ला ऑर्केस्ट्रा उभा करून इथेच राग आणि वेस्टर्न वाद्यं एकत्र आणायचा प्रयत्न केला होता.

नोटेशन लिहायला म्युझस्कोअर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, सुरुवातीला तेवढं पुरे. पण कॉम्प्युटरने वाजवून दाखवलं म्हणजे पीस झाला असं समजू नका, कॉम्प्युटरला श्वास लागत नाही. आणि पार्ट, म्हणजे प्रत्येक वादकाचा वेगळा कागद, नीट काढा. मी एकदा बी फ्लॅट क्लॅरिनेटचा पार्ट ट्रान्सपोज न करताच, म्हणजे एक सूर वर न चढवता, प्रिंट करून नेला, वादकाने सा लिहिलेला वाजवला की एक सूर खालचा नि कोमल ऐकू यायचा, मी पियानोवर तोंड पाडून बसलेलो आणि तो बिचारा 'मी काय चुकतोय का' विचारतोय. प्रत्येक बारला नंबर टाका, पान उलटायची जागा विरामाच्या ठिकाणी आणा, एवढं केलं तरी वादक दुसऱ्यांदा फोन उचलतात.

पैसे कुठून? शिकवण्या, चर्चचा क्वायर, लग्नं, हॉटेलची लॉबी, आणि परीक्षेला बसणाऱ्या व्हायोलिनच्या मुलांना साथ करणं, या शेवटच्या कामाकडे कोणी बघत नाही पण त्यातून टीचर ओळखीचे होतात आणि नवीन पीस वाजवायला माणसं मिळतात. जाहिरातीला नाक मुरडू नका, संगीतकार वनराज भाटिया लंडनला रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसला कंपोझिशनच्या नामवंत शिक्षिका नादिया बुलांजेंकडे शिकून आले आणि इथे येऊन हजारो जिंगल्स केल्या. आयपीआरएस, म्हणजे संगीताची रॉयल्टी गोळा करून देणारी संस्था, तिची मेंबरशिप घ्या, आणि कॉन्ट्रॅक्ट वाचल्याशिवाय सही करू नका, आपल्याकडे कॉपीराइट कंपोझरच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं राहतो, म्हणजे नातवंडांच्या ताटातला घास आहे तो.

नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात जात राहा, तिथला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे, कार्यक्रम संपल्यावर वादकांना भेटा पण पहिल्याच भेटीत हातात स्कोअर कोंबू नका.

राहता राहिला पियानो. लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्याने चढवायला चांगली माणसं लागतात, भाव आधी ठरवा. आपल्या दमट हवेत तारा गंजतात आणि पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकतात, म्हणून जुनी मंडळी अपराइटच्या आत खाली छोटा बल्ब लावून ठेवायची. ट्यूनरला ऑक्टोबरात बोलवा, हवा कोरडी होऊ लागल्यावर, जूनच्या तोंडावर ट्यून केलात तर पैसे पावसात गेले.