घरची सेडान ट्रॅकवर न्यायची असेल तर

पहिल्यांदा रेसच्या ट्रॅकवर गेलो तेव्हा माझ्या सेडानला नवा सायलेन्सर आणि मोठा एअर फिल्टर लावला होता. आवाज झकास. चौथ्या फेरीत लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला टेकलं. दोनतीनदा पंप केलं, गिअर खाली टाकला आणि गाडी कशीबशी वळणाबाहेरच्या खडीत थांबवली. गाडीला ओरखडाही नव्हता, पण बाकीचा दिवस मी कठड्यावर बसून दुसऱ्यांच्या गाड्या बघितल्या. त्यामुळे कुणी ‘सुरुवात कुठून करू?’ विचारलं की माझं उत्तर ठरलेलं आहे: ब्रेक ऑइल.

हिशेब बघा. बाराशे किलोची गाडी ताशी १२० वरून ६० वर आणली की साधारण ५०० किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत दीड लिटर साधं पाणी उकळीला येतं. ट्रॅकवर हे दर मिनिटाला दोनतीनदा होतं, आणि मधे डिस्क गार व्हायला वेळच मिळत नाही. त्यात ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ (डॉट हा ब्रेक ऑइलचा दर्जा) ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही हमी १४० अंशांवर येते. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे, आणि वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं. माझं ऑइल गाडी घेतल्यापासून बदललेलंच नव्हतं.

तेव्हा आदल्या आठवड्यात जुनं ऑइल पूर्ण काढून सीलबंद डब्यातलं डॉट ४ किंवा ५.१ भरा, आणि चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा नीट काढून घ्या. नुसतं डॉट ५ घेऊ नका. नाव सारखं वाटलं तरी ते सिलिकॉनचं असतं, यात चालत नाही.

ब्रेक पॅडचं, म्हणजे डिस्कला घासून चाक थांबवणाऱ्या ठोकळ्यांचं, दुखणं वेगळं. पेडल कडक लागतंय पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून हरलेत; पेडल मऊ पडतंय, तर ऑइल. कंपनीच्या पॅडपेक्षा जास्त तापमान सोसणारे पॅड घ्या, पण थेट रेसिंगचे नकोत. ते गार असताना धरतच नाहीत, आणि याच गाडीने सोमवारी सकाळी सिग्नलला थांबायचंय. नवे पॅड ट्रॅकवर जायच्या आधीच, पाकिटावर सांगितलंय तसे, मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मारून रुळवून घ्या.

मोठ्या डिस्क, रंगीत कॅलिपर वगैरे सध्या विसरा.

टायर. पहिल्या दिवसाला आहेत तेच चालतील, फक्त म्हातारे नकोत. टायरच्या बाजूवर DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे (ब्रेक ऑइलच्या डॉटशी याचा संबंध नाही) शेवटचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी कडक झालेलं रबर वळणात धरत नाही. मऊ, पकडीचे टायर मी तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर घेतले आणि ते बरंच झालं. साधा टायर घसरायच्या आधी ओरडून सांगतो, शिकायला तोच गुरू.

हवेकडे मात्र पहिल्या दिवसापासून लक्ष हवं. टायर तापला की दाब चढतो, म्हणून माप गरम टायरवर, फेऱ्या संपवून आल्या आल्या घ्यायचं. माझी युक्ती फुकटची आहे: टायरच्या खांद्यावर, नक्षीपासून बाजूच्या भिंतीपर्यंत, खडूची रेघ ओढायची. रेघ भिंतीवर खूप खालपर्यंत पुसली गेली तर टायर दुमडतोय, हवा वाढवा. खांद्यावरही तशीच राहिली तर थोडी कमी करा. दोन-दोन पीएसआयने बदला आणि वहीत लिहा.

पुढच्या चाकांवर चालणारी सेडान वळणात नाकाने बाहेर पळते आणि बाहेरच्या पुढच्या टायरची कड खाते. त्यावर स्वस्त औषध म्हणजे कॅम्बर बोल्ट, म्हणजे चाकाचा झुकाव बदलू देणारा बोल्ट. पुढच्या चाकांचा वरचा भाग दीड-दोन अंश आत झुकवा, टो (वरून बघताना चाकांची टोकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) शून्याजवळ ठेवा. गाडी बुटकी करायचा मोह मात्र आवरा. स्प्रिंग कापून गाडी खाली आणलीत तर मॅकफर्सन स्ट्रटचे (पुढच्या सस्पेन्शनचे) खालचे आर्म उलटे वर झुकतात, रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) खाली घसरतो, आणि दिसायला रेसची असलेली गाडी वळणात आधीपेक्षा जास्त कलते. मी केलंय हे, म्हणून सांगतो.

इंजिनाला हात लावू नका. फक्त इंजिन ऑइल बदला आणि पातळी वरच्या खुणेवर ठेवा, कारण लांब वळणात ते चेंबरच्या एका बाजूला जमतं आणि पंपाला हवा ओढावी लागते.

सीटबेल्टच्या जागी चार-पाच पट्ट्यांचा हार्नेस लावायचा विचार असेल तर थांबा. रोल केज (छताला आधार देणारा पाइपांचा सांगाडा) नसलेल्या गाडीत तो तुम्हाला ताठ बांधून ठेवतो; गाडी उलटली आणि छत खाली आलं तर मान वाकवायला जागा नाही. साधा बेल्ट आणि चांगलं हेल्मेट पुरे.

आदल्या रात्री डिकी रिकामी करा. स्टेपनी आणि जॅक मात्र ट्रॅकवर पोचल्यावर काढून बाजूला ठेवले तरी चालेल. सीटखाली हात घालून बघा. माझ्या सीटखालून एकदा पाण्याची बाटली निघाली होती. ती पेडलमागे गेली असती तर? पायाखालची मॅटही काढा. चाकांचे नट मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्यानेच) आवळा, आणि पहिल्या फेऱ्यांनंतर चाकं गार झाली की पुन्हा तपासा.

शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता हळू मारा. परत आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. तापलेल्या डिस्कवर पाणी तर मुळीच नको. आणि घरी निघताना हवा परत भरा: गरम असताना कमी केलेली हवा थंड झाल्यावर आणखी उतरते. मी एकदा विसरलो होतो, आणि घरापर्यंत स्टिअरिंग पीठ मळल्यासारखं जड लागत होतं.