खालच्या खोलीतली ओल: रंगवाल्याला बोलवायच्या आधी हे करून बघा

आमच्या गोव्यात फोंड्याच्या बाजूला उतारावरची घरं अशीच असतात, रस्त्यावरून बघितलं तर एकमजली आणि मागून उतरलं की खाली अजून एक खोली, जिची एक भिंत पूर्ण मातीत गाडलेली. आम्ही तिला तळघर बिळघर म्हणत नाही, खालची खोली म्हणतो, आणि जून लागला की तिथे जायचं टाळतो.

मी पहिल्या वर्षी काय मूर्खपणा केला ते आधी सांगते. भिंतीवर ओल दिसली, रंगवाल्याला बोलावलं, त्याने पुट्टी भरून वरून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारले, मे महिन्यात भिंत एकदम झकास. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माटोळीची चौकट (गणपतीवर फळं-पानं टांगायची लाकडी चौकट) काढायला खाली गेले तर रंगाला हे एवढे फुगे, एक बोटाने दाबला तर आतून पाण्याची धार आणि मागोमाग पुट्टीचा लगदा. पैसे गेले ते गेलेच. नंतर कळलं की बाहेर मातीत 1 मीटर पाणी उभं असेल तर तळाशी दर चौरस मीटरला साधारण 1 टन दाब येतो, त्याला आतून लावलेला रंग काय थोपवणार! आणि आपला चिरा, म्हणजे जांभा, भोकाभोकांचा दगड, पाणी आरामात पितो.

म्हणून आधी पाणी कुठलं ते शोधायचं. जाड प्लास्टिकचा दीड फुटाचा चौकोन घ्या, भिंतीचा तेवढा भाग पुसून सुकवा, चारी कडा टेपने नीट चिकटवा आणि दोन दिवस हात लावू नका. प्लास्टिकच्या मागच्या बाजूला पाणी असेल तर भिंतीतून ओल येतेय, पुढच्या बाजूला थेंब असतील तर ती हवेतली दमट आहे, गार भिंतीवर बसलेली. दोन्हीकडे असेल तर दोन्ही दुखणी आहेत, आमच्याकडे तसंच निघालं. आणि मार्च-एप्रिलमध्येसुद्धा भिंत ओली राहत असेल तर पावसाला शिव्या घालू नका, वरच्या बाथरूमची किंवा मोरीची लाइन गळत असेल. रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवायचा, सकाळी कोणी नळ उघडायच्या आधी परत बघायचा, आकडा हलला असेल तर प्लंबर. ड्रेनेजची गळती मात्र मीटरवर दिसत नाही, त्यासाठी मोरीत खायचा रंग घालून पाणी ओता आणि खाली रंगीत डाग येतो का बघा.

पाणी पावसाचंच ठरलं तर छत्री घेऊन भर पावसात घराभोवती एक फेरी मारायची. हे कोणी करत नाही, सगळे नंतर उन्हात येऊन भिंतीकडे बघत बसतात. पागोळ्या कुठे पडतायत, पन्हळीचं पाणी कुठे सुटतंय, अंगणातलं पाणी घराकडे वळतंय की घरापासून लांब, हे तेव्हाच दिसतं. हिशोब सोपा आहे, 1 चौरस मीटर छपरावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. 100 चौरस मीटरचं छप्पर आणि दिवसाला 100 मिलिमीटर पाऊस, जो आपल्याकडे जुलैत काही नवलाचा नाही, म्हणजे 10,000 लिटर, एक टँकर समजा. आमच्या घरी हा टँकर पन्हळीच्या पाइपातून सरळ त्या गाडलेल्या भिंतीच्या मुळाशी रिकामा होत होता, आणि आम्ही आत बसून रंगाचा ब्रँड बदलत होतो.

आमचे मेस्त, म्हणजे गवंडी, आले, त्यांनी भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही, मागे जाऊन पाइपाजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "बाय, उदकाक वाट जाय," म्हणजे पाण्याला वाट पाहिजे. मग त्यांनी सांगितलेलं पहिलं काम अगदी स्वस्तातलं, पन्हळीच्या पाइपाला जोड देऊन पाणी 10 फूट लांब गटारात सोडलं आणि भिंतीलगत माती भरून, धुम्मस मारून उतार बाहेरच्या बाजूला काढला, 10 फुटांत निदान 6 इंच. नुसत्या एवढ्याने अर्ध्याहून जास्त पाणी थांबलं, खोटं नाही सांगत.

उरलेलं पाणी डोंगराच्या बाजूने मातीतून येणारं. त्याला चर मारावा लागतो, म्हणजे भिंतीपासून थोडं अंतर सोडून खणायचं, तळाला 100 फुटांना 1 फूट उतार ठेवायचा, आत जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देतं, माती अडवतं) अंथरायचं, त्यावर खडी, मग भोकं पाडलेला 4 इंची पीव्हीसी पाइप भोकं खाली करून, परत खडी आणि वरून कापड दुमडून माती. कापड विसरलात तर दोन पावसात मातीने पाइप बसलाच म्हणून समजा. पाइपाचं दुसरं टोक खोलीच्या फरशीपेक्षा खाली, उघड्यावर निघालं पाहिजे, आपल्या उतारावर ते जमतं. पण हे काम कोरड्या दिवसांतच, आणि पायाच्या खाली खणायचं नाही, जुन्या चिऱ्याच्या घराला तर मुळीच नाही. खोल खणावं लागणार असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा, इथे कंजुषी नको.

हे सगळं झाल्यावर आतली डागडुजी. भेग पाऊण इंच रुंद-खोल कोरून घ्यायची, तोंडापेक्षा आत जरा जास्त रुंद म्हणजे भरलेला माल बाहेर पडत नाही, ब्रशने साफ करायची आणि पटकन घट्ट होणारं प्लगिंग सिमेंट भरायचं. ते 3 ते 5 मिनिटांत आवळतं, म्हणून मूठभरच कालवा, मी पहिल्यांदा अख्खा घमेलाभर कालवला आणि मग त्या दगडाचं काय करायचं हा प्रश्न! हातमोजे घाला, गोळा हातात गरम व्हायला लागला की भेगेत दाबून धरा. पाणी वाहत असेल तर वरून खाली भरत या, सगळ्यात खालचं भोक शेवटी.

भिंतीवर पांढरं मीठ फुटलं असेल तर पाण्याने धुवू नका, मीठ विरघळून परत आत जातं, कोरड्या ब्रशने खरवडून झाडून टाका. फुगलेला गिलावा ओलीच्या रेषेच्या वर फूटभर तोडा आणि भिंत उघडी ठेवा, चिरा सुकायला महिने लागतात, घाईने पुट्टी आणि प्लास्टर ऑफ पॅरिस लावलं की परत माझ्यासारखं. आम्ही शेवटी साधा चुना लावला, भिंतीला श्वास घेता येतो.

दमटाचं वेगळं. भर पावसात "हवा खेळू दे" म्हणून खिडक्या उघडून ठेवायची आपली सवय इथे उलटी पडते, बाहेरची ओली हवा आत येऊन गार भिंतीवर पाणी होऊन बसते. उघडीप पडेल तेव्हाच उघडा, एरवी बंद. डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, परवडला तर उत्तम, आर्द्रता 60 टक्क्यांखाली राहिली की बुरशीला जोर राहत नाही. कपाटं भिंतीपासून चार बोटं लांब आणि खाली विटा.

ज्यांच्या घराला उतारच नाही त्यांना खोलीच्या कोपऱ्यात 2 फुटांचा खड्डा करून फ्लोट स्विचवाला, म्हणजे पाणी चढलं की तरंगत्या गोळ्याने आपोआप सुरू होणारा, पंप लागेल, पाइपावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा नाहीतर उपसलेलं पाणी परत खड्ड्यात. आणि पंप इन्व्हर्टरवर घ्या, कारण लाइट जाते ती नेमकी मुसळधार पावसातच. खाली पाणी साचलेलं असेल तर मेन स्विच पाडल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, आणि तो स्विचच खालच्या खोलीत असेल तर उतरू नका, वायरमनला बोलवा. मे संपायच्या आत खड्ड्यात दोन-तीन बादल्या ओतून पंप आपोआप सुरू होतो का बघा, आमचा गेल्या वर्षी झाला नव्हता, फ्लोटवर पाल मरून पडली होती.