ज्यूंच्या लग्नातलं क्लॅरिनेट ऐकायचं कसं

चातुर्मासात मुहूर्त नसतात, म्हणून सांगलीत आम्हा बँडवाल्यांची वाद्यं पेटीत पडून असतात. चाळीस वर्षं वरातीत क्लॅरिनेट फुंकलं. आता पावसाळ्यात पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या लग्नातल्या जुन्या तबकड्या ऐकतो. या संगीताला क्लेझमर म्हणतात. (त्यांच्यातही पेसाह आणि शावुओत या दोन सणांच्या दरम्यान बरेच दिवस लग्नं लागत नाहीत. वाजंत्री तिथंही रिकामेच बसत असणार.)

सुरुवात नाफ्तुले ब्रँडवाइनपासून करा. पूर्व युरोपातल्या गालिसियातून न्यूयॉर्कला गेलेला हा क्लॅरिनेटवाला गडी. १९२० च्या दशकातलं त्याचं वाजवणं यूट्यूबवर मिळतं. त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं म्हणे. डेव्ह टॅरस जास्त सफाईनं वाजवतो, पण त्याला नंतर ऐका.

आधी डोइना लावा. तिला ताल नाही, आलापच समजा. पाहुणे जेवायला बसले की ही वाजायची. तिच्यात सूर सुटता सुटता घशात अडकल्यासारखा तुटतो, हुंदका यावा तसा. त्याला ते 'क्रेख्त्स' म्हणतात. आपला खटका वेगळा, तो सुराला सजवतो. हा सुराचा गळाच धरतो. मी काढून बघत होतो तर आतून बायको म्हणाली, "कोण रडतंय ओ?" तेव्हा वाटलं, जरा जमलं. खरखर बारीक करायला आवाज फिल्टर करू नका, खरखरीबरोबर हुंदकाही जातो. १९२५ पर्यंत माईक नव्हता, भोंग्यासमोर उभं राहून वाजवायचं. त्यामुळे क्लॅरिनेट खणखणीत येतं, ढोल मात्र जवळजवळ गायब.

मग बाजाची पेटी घ्या. तबकडीचा वेग कमी-जास्त असतो, म्हणून पट्टी न बघता सा कानानं जुळवा. त्यांची 'फ्रेगिश' ही स्वरावली म्हणजे भैरवाचा निषाद कोमल केलेला, आपला वसंतमुखारी. पण रागाची बढत शोधू नका. तीन मिनिटांची तबकडी, आणि नाचणारे खोळंबलेले!

नाचाच्या चाली हातानं मोजा. बुल्गार असेल तर तकिट-तकिट-तक. झोक तीन मात्रांचा, मधली मात्रा गिळलेली. लंगडत चालल्यासारखा वाटतो. वरातीत मी हा ठेका लावला तर घोडासुद्धा थांबेल.

नवरीला खुर्चीवर बसवून रडवायची चाल असते, 'काले बाझेत्सन'. बादखन नावाचा लग्नातला शाहीर यमकं जुळवत तिला रडवतो, आणि मागून वाद्य त्याला साथ देतं. ज्यानं पाठवणीत सनई ऐकलीय त्याला हे समजवायला नको.

आणि 'ब्रोयगेस' नाच चुकवू नका. दोन विहिणी, एक रुसते, दुसरी मनवते, शेवटी दोघी गळ्यात गळा घालून नाचतात. विहिणींचा रुसवा आमच्याकडं काय कमी असतो? पण तेव्हा यजमान धावत येतात आणि आधी बँड बंद करायला सांगतात.