माशावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके दिसले तर

सकाळी घरच्या समुद्री माशांच्या टाकीचा दिवा लागला आणि टँग माशाच्या अंगावर कुणी मीठ भुरभुरल्यासारखं दिसलं, तर 'रीफ-सेफ', म्हणजे प्रवाळांना धोका नाही, असं लिहिलेली औषधाची बाटली आणायला धावू नका. मी धावलो होतो. चार दिवसांत ठिपके गेले, घरात पेढे वाटायचेच बाकी होते. पुढच्या आठवड्यात ठिपके दुपटीने परत आले.

त्याचं कारण या परजीवीच्या आयुष्यात आहे. नाव क्रिप्टोकॅरियन इरिटन्स. माशाच्या कातडीत शिरून तो ३ ते ७ दिवस खातो, मग आपणहून गळून वाळूत किंवा खडकावर कोश करून बसतो. कोश फुटला की शेकडो पिल्लं बाहेर पडतात आणि एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. म्हणजे ठिपके गेले याचा अर्थ एवढाच, की त्यांचं जेवण झालं. औषध चालतं ते या मोकळ्या पिल्लांवर. कातडीतल्यांना आणि कोशातल्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. शिवाय खात्रीचं औषध म्हणजे तांबं, आणि ते प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय सगळ्यांनाच मारतं. म्हणून उपचार प्रवाळांच्या रीफ टाकीत नाही, बाहेर, दुसऱ्या टाकीत.

पण आधी अमोनिया तपासा. मासा धापा टाकत असेल, तर ती धाप पाण्यातल्या अमोनियानेही लागते, आणि तेव्हा पाणी बदलणं हाच उपचार. अमोनिया शून्य असेल तर अंग नीट बघा. ठिपके मोजता येत असतील तर बहुधा क्रिप्टो. बारीक पिठाची धूळ बसल्यासारखं दिसतंय आणि मासा पंपाच्या प्रवाहात तोंड धरून उभा आहे, तर व्हेल्वेट, हा दुसरा परजीवी. तिथे उद्यावर ढकलू नका, एक-दोन दिवसांत टाकी रिकामी होते. क्लाउनफिशच्या अंगावरून बुळबुळीत साल सुटत असेल तर ब्रुक्लिनेला, हा तिसरा परजीवी. त्यावर तांबं चालत नाही, फॉर्मालिन लागतं.

आता उपचाराची ही दुसरी टाकी. साठ-ऐंशी लिटरची साधी काच पुरते. हीटर, झाकण, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, एवढंच. वाळू आणि लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेला खडक) नको, ते तांबं शोषून घेतात. स्पंज फिल्टरचा एक स्पंज कायम मुख्य टाकीच्या सम्पमध्ये (गाळणीच्या टाकीत) टाकून ठेवा, म्हणजे ऐनवेळी अमोनिया संपवणारे जिवाणू तयार मिळतात. आधी औषधाचा प्रकार वाचा: चिलेटेड (दुसऱ्या रसायनाने बांधलेलं) तांबं २ ते २.५ पीपीएमला (लिटरमागे मिलिग्रॅम) ठेवतात, साधं कॉपर सल्फेट ०.१५ ते ०.२०ला. एकाचा आकडा दुसऱ्याला लावलात तर मासा गेलाच. पातळी दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवा आणि पुढे ३० दिवस खाली येऊ देऊ नका. अमोनिया रोज मोजा. वाढला तर पाणी बदला आणि बदललेल्या पाण्यापुरतं तांबं पुन्हा घाला. अमोनिया बांधणारी रसायनं तांब्यासोबत वापरू नका.

इकडे मुख्य टाकी ७६ दिवस माशांविना ठेवायची. उशिरा फुटणारे कोशही तोवर संपतात. साठाव्या दिवशी हात शिवशिवतात. थांबा.

हा वेळ पाण्यासाठी वापरा, कारण आमचे बहुतेक घोळ तिथलेच असतात. घरच्या प्यायच्या आरओवर भिस्त ठेवू नका. चवीसाठी त्यात बऱ्याचदा थोडं कच्चं पाणी मुद्दाम मिसळलेलं असतं. आरओच्या पुढे डीआय कार्ट्रिज (उरलेले क्षार काढणारी गाळणी) लावा आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्य आल्यावरच समुद्री मीठ घाला. क्षारता, म्हणजे खारटपणा, ३५ पीपीटी (हजार भागांत ३५). खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर नाही, ३५च्या द्रावणावर जुळवा. एप्रिल-मेमध्ये बाष्पीभवन वाढतं, पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. म्हणून रोजची भर या टीडीएस शून्य असलेल्या गोड्या पाण्याची. खारं पाणी ओतत राहिलात तर महिन्याभरात क्षारता कुठल्या कुठे जाते. तापमान २५-२६ अंश. पुण्या-नागपुरात पाणी गार करणारा चिलर हवाच, मुंबईतही पंख्याचं फारसं चालत नाही. दमट हवेत पाणी फारसं उडत नाही, मग गार कसं होणार? लाईट गेली तर बॅटरीवरचा एअरपंप आपोआप सुरू झाला पाहिजे.

अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद) ८-९ डीकेएच (तिचं एकक), पण आकड्यापेक्षा स्थैर्य महत्त्वाचं. दिवसात एकाहून जास्त हलू देऊ नका. नायट्रेट ५ ते १० पीपीएम असू द्या. शून्याचा हट्ट धरला की प्रवाळ फिके पडतात आणि तपकिरी शेवाळासारखी चिकट डायनो (डायनोफ्लॅजेलेट हे सूक्ष्मजीव) पसरते.

प्रवाळ घेताना कायदाही बघा: खडक बांधणारे दगडी प्रवाळ २००१पासून आपल्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १मध्ये आहेत. विकणारा काहीही सांगो, बाळगणाराही अडकतो.

यापुढे नवा मासा आधी महिनाभर दुसऱ्या टाकीत. गोगलगायीच्या शंखावर आणि खडकाच्या तुकड्यावरही कोश बसलेला असू शकतो, तेव्हा त्यांनाही माशांविना तेच ७६ दिवस. आणि दोन्ही टाक्यांची जाळी, बादली, नळी वेगवेगळी ठेवा. माझ्याकडे दुसऱ्यांदा ठिपके आले ते ओल्या जाळीतून.