सेकंडरी डेटा वापरताय? आधी ठाणे-पालघरचा घोळ वाचा

सेकंडरी डेटा, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच गोळा केलेली माहिती, वापरणं सोप्पं काम असं आपल्याला वाटतं, फॉर्म घेऊन दारोदार फिरायचं नाही, पीडीएफ उतरवली, आकडे एक्सेलमध्ये टाकले, झालं. मीही तेच केलं होतं. 2011 च्या जनगणनेतली ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या घेतली (1 कोटी 10 लाखांच्या वर), शेजारी यूडायसमधली (शाळांची सरकारी माहितीप्रणाली) अलीकडची शाळांची संख्या लावली, तर दर लाख माणसांमागे शाळा धपकन कमी! शाळा कशा बंद पडतायत यावर दोन पानं लिहूनही काढली. माझ्या संशोधनाच्या गाईडनी एवढंच विचारलं, "यात पालघर कुठंय?"

पालघर 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून वेगळा झालाय. 2011 चं ठाणे म्हणजे वसई-डहाणू-मोखाडा सगळं धरून. दोन पानं केराच्या टोपलीत.

तर सगळ्यात आधी हद्द तपासा. तालुकावार तक्ता काढा आणि पालघरचे 8 तालुके जुन्या ठाण्यातून वजा करा, नाहीतर दोन्ही जिल्ह्यांचे आताचे आकडे एकत्र करा, दुसरं सोपं पडतं. आणि वर्षावर विसंबू नका हं, एनएफएचएस-4 (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची चौथी फेरी) झाला 2015-16 ला, म्हणजे पालघर झाल्यानंतर, पण त्यात जिल्हे 2011 चेच 640 धरलेत. पालघर वेगळा दिसतो तो एनएफएचएस-5 मध्ये.

मग व्याख्या. जनगणनेत साक्षरता 7 वर्षं आणि वरच्यांची मोजतात, 1981 पर्यंत 5 वर्षं होती, आणि एनएफएचएसमध्ये साक्षर महिला म्हणजे फक्त 15 ते 49 वयाच्या, त्यामुळे हे सगळे आकडे एकाच ग्राफच्या रेषेत ओवायचे नाहीत. महाराष्ट्राची 2011 ची साक्षरता कुणी 82.91 टक्के लिहितं कुणी 82.34, पहिला आकडा तात्पुरता होता, अंतिम दुसरा. अंतिमच घ्या.

माहिती नक्की कधी गोळा झाली हेही बघा. एनएफएचएस-5 वर 2019-21 छापलंय म्हणून लोक महाराष्ट्राच्या आकड्यांवरून कोविडचा परिणाम सांगत सुटतात. अहो, महाराष्ट्र पहिल्या टप्प्यात होता, इथलं काम 2019 मध्येच उरकलं होतं!

आणि मोजलं कुणाला? याच सर्व्हेतलं 1000 पुरुषांमागे 1020 स्त्रिया वाचून भारतात मुली वाढल्या असं बरंच छापून आलं. पण ही मोजणी नमुन्यातल्या घरांत आदल्या रात्री मुक्कामाला असलेल्यांची, कामाला बाहेरगावी गेलेला नवरा त्यात येत नाही. जनगणनेत 2011 ला हाच आकडा 943 होता. मुलींबद्दल बोलायचं तर जन्मावेळचं लिंग गुणोत्तर वेगळं दिलेलं असतं, ते बघा.

बाकी नेहमीचं, मूळ फाइलला हात लावायचा नाही, कॉपीवर काम करायचं, तक्ता क्रमांक आणि उतरवल्याची तारीख लिहून ठेवायची.

हो, एक राहिलं, एनएफएचएसच्या तक्त्यांत काही आकडे कंसात असतात, म्हणजे ते 25 ते 49 जणांवरूनच काढलेत, जपून वापरा. एक्सेलमध्ये पेस्ट केलं की हाच कंस उणे चिन्ह होऊन बसतो, (34.5) चं -34.5, आणि मग सरासरी का गंडली ते शोधण्यात रात्र जाते.